शुगर आहे, रात्री हाताला मुंग्या येतात आणि सकाळी मूठ वळत नाही. कुणाला अनुभव?

काजबटण (१२ जून, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचायलाच येते, लिहायची ही दुसरीच वेळ.

वय ५३. शुगर निघून ११ वर्षं झाली. शुगरच्या गोळ्या, मेटफॉर्मिन दोन वेळा, सकाळी ग्लिमेपिराइड. मागची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.१. सांगलीत घरीच ब्लाउज शिवते, त्यामुळे हातांवरच सगळं आहे.

त्रास दोन तऱ्हेचा. पहिला रात्रीचा. पहाटे तीनच्या सुमारास उजव्या हाताला अशा मुंग्या येतात की झोपच उडते. हात पलंगाखाली लोंबता सोडायचा, थर्मामीटर झटकतात तसा झटकायचा, मग पाच-दहा मिनिटांनी शांत होतो. हल्ली डावाही सुरू झालाय. दुसरा सकाळचा. उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ पुरती वळत नाही. अंगठीच्या बोटाला तर कुणी आतून ताणून धरल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत जरा सैल होतात, पण सुई बोटांत आहे की पडली हे बघूनच कळतं. परवा एका ब्लाउजला पाच हूक लावायला पाऊण तास गेला. पूर्वी दहा मिनिटांचं काम होतं.

नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "शुगरच्या नसा, चालायचंच." लाल कॅप्सूल लिहून दिली. सहा महिने घेतेय. लघवी पिवळीधमक होते, बाकी फरक शून्य.

जाऊबाई म्हणतात शिलाई बंद कर. बंद करून महिना कसा काढायचा ते मात्र सांगत नाहीत.

आजीचा_बटवा (१२ जून, रात्री ११.०५)

तिळाचं तेल कोमट करून बोटांच्या मुळापासून टोकापर्यंत चोळा. वर कडकडीत पाण्यात मीठ टाकून हात बुडवून ठेवा. आमच्याकडे सगळ्यांना गुण आला.

वऱ्हाडी_ठसका (१२ जून, रात्री ११.२०)

तेल चोळा, पण कडकडीत पाण्याचं काही करू नका बाप्पा. माझ्या मोठ्या भावाला शुगर आहे, हाताला समजतच नाही. पातेलं चिमट्याशिवाय उतरवलं, गप्पा मारत उभा राहिला. वहिनीला वास आला तेव्हा कळलं. दोन बोटांवर रुपयाएवढे फोड, आणि हा म्हणतो, "कुठं भाजलं?" पाणी बघायचंच असेल तर कोपरानं बघा, नाहीतर घरातल्या दुसऱ्याला हात घालू द्या.

आजीचा_बटवा (१२ जून, रात्री ११.२६)

बरोबर आहे. कोमट म्हणायचं होतं.

कृष्णाकाठ (१२ जून, रात्री ११.३०)

ताई, आधी तीन गोष्टी सांगा. मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना? पायाला काही आहे का? आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासलंय का? नाहीतर इथे शंभर प्रतिसाद होतील आणि प्रत्येकजण आपल्याच मामाचं दुखणं सांगेल.

दही_पोहे (१३ जून, सकाळी ७.१५)

मामाचं नाही, माझंच सांगतो.

घरी पूर्ण शाकाहार, अंडंसुद्धा नाही. मेटफॉर्मिन नऊ वर्षं. आधी तळपायाला मुंग्या, मग बोटांच्या टोकांना, मग जीभ लाल आणि गुळगुळीत, तिखट लागलं की आग. दाताच्या डॉक्टरांकडे दोन चकरा मारल्या. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, अंधारात चालताना तोल जातो का?" जात होता. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की भिंत धरायला लागायची. बी-१२ निघालं १३८. आमच्या लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० च्या आसपास छापलेली होती.

मेटफॉर्मिनने आतड्यात बी-१२ नीट शोषलं जात नाही. जितकी वर्षं जास्त आणि डोस मोठा, तितकी शक्यता वाढते. त्यात आपण शाकाहारी. दूध-दह्यातून मिळतं त्यावर कसंबसं भागत असतं, तेही गळायला लागतं. म्हणून मेटफॉर्मिन बंद करायची नाही हं, चांगलं औषध आहे, मी अजून घेतो. वर्षातून एकदा बी-१२ बघायचं, इतकंच.

मला आधी इंजेक्शनं दिली, मग गोळी. जीभ पंधरा दिवसांत सुधारली. पायांना आठ महिने लागले आणि डाव्या अंगठ्याचं टोक अजून बधिरच आहे. उशीर झाला होता.

काजबटणताई, एक अडचण. तुम्ही सहा महिने कॅप्सूल घेताय, तिच्यात बी-१२ असणारच. आता तपासलंत तर आकडा चांगलाच येईल आणि आधी कमी होतं की नाही ते कळायचं नाही. तपासणी गोळीच्या आधी करायची असते. कॅप्सूलच्या पट्टीवर बी-६ किती आहे तेही वाचा. ते मोठ्या डोसात महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात.

काडीपेटी (१३ जून, सकाळी ९.००)

म्हणजे मुंग्यांवरच्या गोळीने मुंग्या येतात. धन्य आहे. आता एमआरआय, एनसीव्ही, आणखी चार इंग्रजी अक्षरं लिहून देतील. शुगर कमी करा, चाला, सगळं जाईल.

काजबटण (१३ जून, दुपारी २.१०)

कृष्णाकाठ, तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री तीनला उठले तेव्हा मापाच्या वहीतच लिहून ठेवलं. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, हे तिन्ही झिणझिणतात. करंगळी अगदी स्वच्छ. अंगठीच्या बोटाचं विचित्र आहे. मधल्या बोटाकडची बाजू बधिर, करंगळीकडची चांगली. मी दहा वेळा टाचणीच्या डोक्याने टोचून बघितलं, भास वाटला म्हणून.

पायाला काही नाही. चप्पल सटकत नाही, खडा लागला तर लागतो.

दही_पोहे, बी-१२ कधीच तपासलेलं नाही.

हातखंडा (१३ जून, दुपारी ४.३०)

तुमची मापाची वही फ्रेम करून ठेवण्यासारखी आहे. मी २२ वर्षं फिजिओथेरपी केली, त्यातली बरीचशी हातांची. आता निवृत्त आहे, त्यामुळे फुकट सल्ला द्यायला मोकळी. इथून निदान करता येत नाही, करूही नये. पण तुम्ही लिहिलंय त्यात मला दोन दुखणी एकमेकांत गुंतलेली दिसतात. "शुगरच्या नसा" हे तिसरंच, आणि ते तुम्हाला असेलच असं दिसत नाही.

ते आधी सांगते. शुगरने नसा बिघडतात तेव्हा सगळ्यात लांबच्या नसेचं टोक आधी जातं. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या. म्हणून बधिरपणा तळपायात सुरू होतो, मोजा चढवावा तसा वर सरकतो, आणि साधारण गुडघ्यापाशी आला की मग हाताची बोटं धरतो. तीही हातमोज्यासारखी, दोन्हीकडे सारखी, करंगळीसकट. पाय ठणठणीत आणि नुसते हातच झिणझिणताहेत, तर कारण आधी हातात शोधायचं. मग मानेत.

आता पहाटे तीनचं. मनगटाच्या पुढच्या बाजूला, जिथे फुटलेल्या बांगडीची काच लागते तिथे, आत एक बोगदा आहे. खाली छोट्या हाडांची कमान, वर जाड पट्टा. त्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्या गर्दीत एकच नस. दोऱ्यांची वेष्टनं जरा सुजली की चेंगरते ती नस, कारण तिथे मऊ तीच आहे. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली घालतो, दाब आणखी वाढतो, म्हणून रात्री. हात झटकला की बरं वाटतं ही तर या दुखण्याची ओळखच. ती नस अंगठा, पहिलं, मधलं आणि अंगठीच्या बोटाची अर्धी बाजू सांभाळते. उरलेली अर्धी आणि करंगळी दुसऱ्या नसेकडे, ती बोगद्यातून जातच नाही. तुम्ही टाचणीने जी हद्द शोधलीत ती खरीच तिथे असते. अंगठीचं बोट असं मधोमध वाटलेलं असलं की मी मनातल्या मनात निम्मं निदान करून टाकायचे. याला कार्पल टनेल म्हणतात. शुगर असलेल्यांत बरंच जास्त दिसतं, थायरॉइड कमी असलेल्यांत दिसतं, गरोदरपणात दिसतं. आणि कात्री चालवणाऱ्या हातात.

दुसरं सकाळच्या आखडण्याचं. त्यासाठी एक करा. छातीसमोर नमस्कार करा, पण कोपरं दोन्ही बाजूंना वर उचलून, हात जमिनीला समांतर ठेवून. तळवे आणि बोटं पूर्ण टेकवायचा प्रयत्न करा. समोरच्याला विचारा, बोटांच्या मधून उजेड दिसतो का. मग हात टेबलावर पालथा सपाट ठेवा. सगळी बोटं मुळापासून टोकापर्यंत टेकतात का?

कृष्णाकाठ (१३ जून, दुपारी ४.४८)

ऑफिसात करून बघितलं. टेकतात. शेजारचा विचारतोय काय पावलं म्हणून.

दही_पोहे (१३ जून, सायं. ५.०२)

माझ्या करंगळ्या टेकत नाहीत. अर्धा इंच फट आहे. हे काय नवीन?

वऱ्हाडी_ठसका (१३ जून, सायं. ५.१०)

भावाला फोनवर करायला लावलं. वहिनी म्हणते समईची ज्योत दिसते मधून.

काजबटण (१३ जून, सायं. ६.२०)

माझीही फट दिसते, करंगळी आणि अंगठीचं बोट. मुलीने फोटो काढला. बघून मलाच कसंतरी झालं. आरतीला रोज हात जोडते, कधी लक्षातच आलं नाही. दुखत तर काहीच नाही.

हातखंडा (१३ जून, रात्री ८.१५)

दुखत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती त्वचा, सांध्याची वेष्टनं, स्नायूंच्या दोऱ्या या सगळ्यांतल्या तंतूंना चिकटते. गुलाबजामच्या पाकात पडलेला सुती दोरा वाळल्यावर कसा ताठ, काडीसारखा होतो, तसं. तंतू एकमेकांना जोडले जातात, त्यांची लवचीकता जाते. बोटांवरची कातडी जाड आणि मेणचट लागते, मागच्या बाजूला चिमटीत धरून उचलायला गेलं तर पटकन येत नाही. सुरुवात बहुधा करंगळीपासून, मग एकेक बोट अंगठ्याच्या दिशेने. डॉक्टरी नाव कायरोआर्थ्रोपथी, पण ते लक्षात ठेवायची गरज नाही. "नमस्कार जुळत नाही" म्हणालात तरी साखरेच्या डॉक्टरांना कळेल. कळायला हवं.

यात एक महत्त्वाचं. ज्यांचा नमस्कार जुळत नाही त्यांच्यात डोळ्याच्या पडद्याचा आणि मूत्रपिंडाचा त्रास जास्त आढळतो, कारण मूळ तेच. तेव्हा काजबटण, दही_पोहे आणि वऱ्हाडींचे भाऊ, तिघांनी पडदा शेवटचा कधी तपासला? चष्म्याचा नंबर नव्हे. थेंब घालून बाहुली मोठी करून बघतात ते. आणि लघवीतलं अल्ब्युमिन.

दही_पोहे (१३ जून, रात्री ८.२२)

२०१९ साली. उद्या फोन करतो.

इन्सुलिनपेटी (१३ जून, रात्री १०.५०)

हे सगळं पन्नाशीनंतरचंच समजू नका म्हणून लिहितेय. माझ्या मुलाला टाइप-१ आहे, सहाव्या वर्षापासून इन्सुलिनवर. आता सोळा. गेल्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला नमस्कार करायला सांगितलं. त्याला वाटलं गंमत करताहेत. दोन्ही करंगळ्या वाकलेल्या राहिल्या. मला आठवलं, हा बॅटची पकड बदलून धरायला लागला होता आणि मी त्याला ओरडले होते.

डॉक्टर म्हणाले ही गोष्ट आधी मुलांतच नीट नोंदली गेली. १९७४ साली अमेरिकेत फ्लोरिडात डॉ. रोझेनब्लूम यांनी टाइप-१ च्या किशोरवयीन मुलांचे ताठ सांधे पाहून लिहिलं. तोवर हात फारसं कुणी बघत नव्हतं, आकडे बघायचे.

आम्ही काय केलं म्हणाल तर विशेष काही नाही. साखरेचे चढउतार कमी केले, रोज दोनदा बोटांचे व्यायाम. वाढायचं थांबलंय. मागे गेलेलं नाही.

आणखी एक, या सगळ्याशी संबंध नसलेलं. बोट टोचताना मधोमध मऊ भागात टोचू नका, कडेला टोचा. मधोमध जास्त दुखतं आणि स्पर्शही तिथेच लागतो. रोज बोट बदला. दहा वर्षांत हजारो टोचण्या झाल्यात त्याच्या.

तिरकिट (१४ जून, सकाळी ८.४०)

मुंग्यांच्या धाग्यात माझं बोट घुसवतो, कारण "आखडतं" म्हणजे सगळ्यांचं एकच आखडणं नव्हे.

मी तबला वाजवतो, शिकवतोही. शुगर सात वर्षं. एके सकाळी उजव्या हाताचं अंगठीचं बोट मुठीतच अडकलं. डाव्या हाताने सरळ केलं तर कट्ट आवाज होऊन उघडलं, पिस्तुलाचा चाप ओढावा तसं. मग रोज सकाळी तेच. बोटाच्या मुळाशी तळहातात दाबलं की मूगदाण्याएवढी गाठ लागायची आणि बोट वळवलं की ती गाठ बोटाखालून सरकायची.

हे नसांचं नाही. दोरी ज्या कडीतून ओवलेली असते ती कडी जाड होते, दोरीला गाठ येते, गाठ कडीत अडकते. ट्रिगर फिंगर म्हणतात. शुगरवाल्यांना इतरांच्या कितीतरी पट जास्त, आणि एकाच वेळी दोन-तीन बोटांनाही. मला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. गुण आला, पण एक गोष्ट आधी कुणी सांगितली नाही. त्या रात्री शुगर ३१०. दुसऱ्या दिवशी २८०. मला वाटलं मीटर बिघडलं, नवीन पट्ट्या आणल्या. पाच-सहा दिवसांनी खाली आली. इंजेक्शन घेणार असाल तर हे होणार असं धरूनच चाला, रोज मोजा आणि त्या आठवड्यात गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. चार महिन्यांनी परत अडकलं. शुगर असली की इंजेक्शनचा गुण कमी टिकतो म्हणे. शेवटी कडी कापून घेतली. बोट नुसतं बधिर करून वीस मिनिटांत झालं. टाके निघाल्यावर तीन आठवड्यांनी कायदा वाजवला. वेगाचा रेला अजून नाही.

काडीपेटी (१४ जून, सकाळी ९.१५)

बरं, नमस्कार मीही करून बघितला. जुळतो. पण माझ्या तळहातात अंगठीच्या बोटाच्या रेषेत दोरीसारखं काहीतरी ताठ लागतं, कातडीला खळगा पडलाय. ही पण तीच गाठ का?

हातखंडा (१४ जून, सकाळी ११.००)

तुम्हीही आलात का लायनीत. कट्ट होत नसेल, दुखत नसेल आणि दोरी जागची हलत नसेल तर ते तिरकिट यांचं नाही. तळहाताच्या कातडीखालचा पडदा आकसतो, त्याला ड्युपुट्रेन म्हणतात. शुगर असेल तर तेही जास्त दिसतं, पण बहुतेक वेळा सौम्य असतं. हात टेबलावर सपाट बसतोय तोवर लक्ष ठेवायचं. बसेनासा झाला की हाताच्या सर्जनला दाखवायचं. शुगर तपासली आहे का तुम्ही कधी?

काडीपेटी (१४ जून, सकाळी ११.०८)

नाही. वडिलांना होती.

लेस्टरकरीण (१४ जून, दुपारी १.३०)

इथे ब्रिटनमध्ये २०२२ च्या उन्हाळ्यात औषध नियामकांनी डॉक्टरांना कळवलं की मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसात बी-१२ कमी असल्याची लक्षणं दिसली तर तपासा, आणि ज्यांना धोका जास्त त्यांचं अधूनमधून बघत राहा. सासऱ्यांचं त्यातूनच सापडलं. आमचे सगळे गुजराती शेजारी शाकाहारी, मेटफॉर्मिनवर, आणि सगळे म्हणणार वयामुळे होतंय.

मला स्वतःला कार्पल टनेल होतं. इथे आधी मनगटाची पट्टी देतात, रात्री लावायची, निदान सहा आठवडे. एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. तयार पट्टीत तळव्याकडून धातूची चपटी सळी असते, ती बहुधा मागे वाकवलेली असते, त्यामुळे मनगट वर उचललेलं राहतं. या दुखण्यात मनगट सरळ रेषेत हवं. ती सळी काढता येते. टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करा आणि परत घाला. मी पहिले दोन आठवडे वाकडीच लावून झोपले आणि पट्टीला शिव्या घालत होते. सरळ केल्यावर चौथ्या रात्री सलग झोपले. आणि फार आवळू नका, बोटं मोकळी हवीत.

नदीपलीकडे (१४ जून, रात्री ९.४५)

दोन दिवस वाचत होतो, हे लिहायचं राहून चाललं होतं. माझ्या वडिलांना शुगर १५ वर्षं. एका सकाळी म्हणाले डाव्या हाताला मुंग्या आल्यात, कप धरवत नाही. आम्ही म्हटलं शुगरचंच असेल, नाहीतर हात अंगाखाली आला असेल. साखर मोजली, ठीक होती. चहा दिला. दुपारी बोलताना जीभ जड झाली तेव्हा गाडी काढली. मेंदूत गुठळी होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आम्हाला सहा तास झाले होते. ते अजूनही डाव्या हाताने बटण लावू शकत नाहीत.

काजबटणताईंचं वेगळं आहे, महिनोन् महिन्यांचं, दोन्ही हातांचं. पण एकाच बाजूला, अचानक, आणि हातात जोर नाही किंवा तोंड वाकडं वाटतंय, तर धागे वाचत बसू नका.

वऱ्हाडी_ठसका (१४ जून, रात्री ९.५८)

आणि ओठाभोवती, बोटांना मुंग्या, घाम, थरथर एकदमच आलं तर पहिले साखर मोजा, मीटर नसेल तर तशीच खाऊन घ्या. भावाचं हायपो, म्हणजे साखर एकदम उतरणं, असंच येतं. तो म्हणतो काही नाही, आणि टीशर्ट ओला.

काजबटण (६ जुलै, रात्री १०.१५)

तीन आठवडे काही लिहिलं नाही, लग्नसराईची शेवटची कामं उरकत होते.

डॉक्टर बदलले. नवीन बाईंनी दोन्ही हात हातात घेऊन बघितले, आधी इतकंच बरं वाटलं. दोन्ही मनगटं पुढे दुमडून, पालथे हात एकमेकांना टेकवून मिनिटभर धरायला लावले. चाळीस आकडे मोजायच्या आत तीच तीन बोटं झिणझिणली. मग एनसीव्ही, म्हणजे नसांचा वेग मोजायची तपासणी. काडीपेटी, तुमच्या इंग्रजी अक्षरांतली हीच. शॉक देतात, पण हिवाळ्यात स्वेटर काढताना बसतो तसा. अर्धा-पाऊण तास लागला. मनगटापाशी नस दोन्ही हातांत मंदावलीय, उजव्यात जास्त. पायांच्या नसा चांगल्या निघाल्या. मी रिपोर्ट तिथेच जिन्यात उभं राहून वाचला. "चालायचंच" म्हणून सहा महिने घालवलेले आठवून डोळ्यांत पाणी आलं, राग पण आला.

थायरॉइडही थोडं कमी निघालं, गोळी सुरू. बी-१२ अपेक्षेप्रमाणे भरपूर. कॅप्सूल थांबवली, दोन-तीन महिन्यांनी परत बघणार. एचबीएवनसी आता ७.६. बाई म्हणाल्या घाईने फार खाली आणायची नाही. खूप वर्षं जास्त असलेली साखर एकदम उतरवली तर नसा उलट भडकतात आणि डोळ्याच्या पडद्यावरही परिणाम होतो. डोळे तपासले. पडद्यावर सुरुवातीचे बारीक ठिपके आहेत, आता दर सहा महिन्यांनी दाखवायचं. हातखंडाताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी गेले नसते.

अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग अजून भरलेला आहे म्हणाल्या. तो बसला, म्हणजे खळगा पडला, की ऑपरेशन लांबवायचं नाही. सध्या पट्टी. सळी सरळ करून घेतली, लेस्टरकरीण. पाटावर ठेवून वरवंट्याने ठोकली.

हातखंडा (७ जुलै, सकाळी ७.५०)

वरवंट्याने! चालेल. आखडण्यासाठी काय सांगितलं?

काजबटण (७ जुलै, दुपारी ३.००)

कोमट पाण्यात हात पाच मिनिटं, पाणी मुलीने बघायचं. मग दुसऱ्या हाताने एकेक बोट हळू मागे ताणायचं, मूठ वळायची, नमस्कार दाबून धरायचा. दिवसातून तीनदा. त्यांच्याकडे मेणाचं भांडंही आहे शेकायला, पण स्पर्श कमी असताना नको म्हणाल्या. आखडलेलं परत पहिल्यासारखं होईल असं काही त्यांनी सांगितलं नाही, आणि खोटं बोलल्या नाहीत हे मला आवडलं.

धंद्यात दोन बदल केले. जुनी लोखंडी कात्री भाचीला दिली. नवीन हलकी, मोठ्या कड्यांची आणली, तिच्यात चारही बोटं जातात आणि अंगठ्यावर जोर येत नाही. हूक आणि तुरपाई समोरच्या गल्लीतल्या एका मुलीकडे देते. तिचे टाके थोडे मोठे पडतात. गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही, माझ्या येतं.

काडीपेटी (८ जुलै, रात्री ९.३०)

उपाशीपोटी १४२. जेवणानंतर २२०. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा केली, तेच. उद्या दाखवायला जातोय. हसू नका.

तिरकिट (८ जुलै, रात्री ९.३६)

हसत नाही. नमस्कार घ्या.

काजबटण (२ सप्टेंबर, रात्री ११.००)

पहाटे तीनची जाग आठवड्यात एखाद्या वेळेस येते आता, रोज नाही. अंगठीच्या बोटाची हद्द पुसट झालीय, टाचणी दोन्ही बाजूंना लागते, बधिर बाजूला जरा उशिरा. सकाळचं आखडणं आहे तेवढंच आहे, पण पंधरा मिनिटांत सुटतं. फट मुलीने परत फोटो काढून मोजली. तिच्या मते कमी झालीय, माझ्या मते तिने कॅमेरा वाकडा धरला.

एक अडचण आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. पट्टीचं वेल्क्रो रात्री गोधडीला चिकटतं. कूस वळले की चर्र आवाज होऊन हे जागे होतात, आणि गोधडीचा तर भुगा झालाय. आईच्या नऊवारीची आहे.

लेस्टरकरीण (३ सप्टेंबर, पहाटे २.४०)

जुन्या पायमोज्याचा पुढचा भाग कापून टाका आणि उरलेला पट्टीवरून चढवा. मनगटापासून कोपराकडे.

काजबटण (३ सप्टेंबर, सकाळी ६.३०)

यांचा एक मोजा जोडीदार हरवल्यापासून कपाटात पडून आहे. कडेला इलॅस्टिक घालून घेते.